दिवेलागणीनंतरचं पाणी

फोन वाजला तेव्हा हातातला बल्ब होल्डरमध्ये अर्धाच बसला होता. तो लुकलुकायला लागला, ना धड लागलेला, ना धड विझलेला, आणि तिला तो फिरवून घट्ट करायचं सुचेना. कामाच्या वेळेत सगळ्यांचे फोन सुपरवायझरच्या खणात असतात. खणात फोन वाजला की लांब टेबलावरच्या सगळ्या बायका एकदम मान वर करतात, कारण प्रत्येकीच्या घरी कुणीतरी म्हातारं आहे, कुणीतरी शाळेत आहे, कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे. आणि आपला नाही असं कळलं की तशाच एकदम मान खाली घालतात. सुपरवायझरने चष्मा कपाळावर सारला, फोन डोळ्यांपासून लांब धरला आणि वाचलं, "शिवणकामवाल्या ताई." ती उठली. पोट टेबलाच्या कडेला घासलं. शेजारची बाई, जिला सगळा कारखाना भोंगा म्हणतो, कारण ती कानात सांगितलेली गोष्टसुद्धा पॅकिंगच्या खोलीपर्यंत पोचवते, म्हणाली, "झबली शिवायला टाकलीस वाटतं? अगं, आधी येऊ तर दे त्याला. नागडंच येतं ते, मला विचार." बायका हसल्या. तीही हसली. ते नाव तिनेच फोनमध्ये तसं घातलेलं; फोनवरच्या बाई शिवणकाम करत नाहीत. त्या सरकारी दवाखान्यातल्या, लांब व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीतल्या सिस्टर आहेत, आणि त्या एवढंच म्हणाल्या, "रिपोर्ट आलाय तुझा. आज येऊन जा." "उद्यापासून सुट्टी लागतेय माझी, सिस्टर. उद्या आले तर?" "आज," सिस्टर म्हणाल्या, आणि काळजी करू नकोस, हे त्यांचं नेहमीचं वाक्य त्या म्हणाल्या नाहीत. ते न म्हटलेलं वाक्य घेऊन ती परत जागेवर येऊन बसली.

समोरच्या फळीवर होल्डरांची ओळ. खोक्यातून बल्ब उचलायचा, बसवायचा, लागला की काढून उजवीकडे ठेवायचा. नाही लागला तर कानाशी नेऊन हलवायचा. आत तारेचं तुटलेलं टोक काचेला लागून बारीक किणकिण करतं, की तो डावीकडे. कामाला लागली त्या पहिल्या दिवसापासून ती लागलेल्या प्रत्येक बल्बाबरोबर मनात देवाचं नाव घेते. हे तिने कुणाला सांगितलेलं नाही. घरी माळ घेऊन बसायला फुरसत नाही, तर हीच माळ, असं तिचं तिनेच ठरवलेलं. अलीकडे मात्र न लागलेल्या बल्बांसाठीही ती नाव घ्यायला लागली होती. डावीकडच्या खोक्यात जाणारे तसेच बिननावाचे का जावेत, असं एका दुपारी तिच्या मनात आलं आणि मग ते तिला सोडवेना. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत उजेड इतका साठतो, की कुठेही बघितलं तरी मधोमध एक हिरवट ठिपका तरंगत राहतो. घरी दिवा लावून देवापुढे उभं राहिलं की तो ठिपका नेमका देवाच्या तोंडावर येतो. थोडा वेळ थांबावं लागतं. मग तो विरतो आणि देव दिसायला लागतो. पोटात बाळ वळलं. तिने अर्धवट बसलेला बल्ब फिरवला, तो नीट लागला, आणि तिला नाव घ्यायचं सुचलं नाही.

चौथ्या महिन्यात असंच झालं होतं. सगळ्या बायांबरोबर तिचंही रक्त घेतलं. सगळ्या घरी गेल्या आणि तिला म्हणाले, तुम्ही जरा थांबा. परत रक्त घेतलं. मग व्हरांड्याच्या टोकाची खोली. तिथे बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडे बघत नव्हती, सगळी आपापल्या चपलांकडे बघत होती, म्हणून तीही चपलांकडे बघत बसली. आपल्या अंगठ्याचा पट्टा सुटायला आलाय एवढं तिला दिसलं. सिस्टर जाडजूड, टेबलावरची प्रत्येक वस्तू कडेला समांतर लावणाऱ्या. दार बंद केलं आणि मग आवाज न उतरवता त्यांनी तो शब्द उच्चारला: एचआयव्ही. तो शब्द तिने भिंतींवर वाचला होता, मोठ्या लाल अक्षरांत. तो कधी माणसाच्या तोंडून आपल्या पोटाकडे बघून येईल असं तिला वाटलं नव्हतं. मग नवऱ्याला बोलावलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर इमारतींच्या पोटात अंधाऱ्या खड्ड्यातून वर-खाली होत असतो. तो आला तेव्हा त्याच्या हाताला ग्रीस होतं, आणि रक्त घेणाऱ्याने ते पुसायला दोनदा कापूस घेतला. त्याचंही तसंच निघालं. घराच्या जिन्यात, खालच्या पायरीवर थांबून तो म्हणाला, "लग्नाआधीचं असेल." ती एक पायरी वर उभी होती. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो सांगत गेला असता, आणि ते सगळं ऐकून तिला कुठे ठेवता आलं असतं? "आईला नको," तो म्हणाला. तेव्हापासून तो फार हळुवार झालाय. तिच्या आधी उठून पाणी भरतो, पायांशी चप्पल सरकवतो. हे त्याने आधी केलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं. आता त्याचा तो हळुवारपणा तिला अंगावर ओल्या कपड्यासारखा लागतो.

पण त्या पहिल्या दिवशी सिस्टरनी सांगितलेलं तिने ऐकलं होतं, अगदी शब्द न् शब्द. आईकडून बाळाला जातं, पण जायलाच पाहिजे असं नाही. गोळी रोज घ्यायची. रोज म्हणजे रोज. एक वेळ ठरवायची आणि ती वेळ बदलायची नाही. मग रक्तातला विषाणू इतका कमी होतो, की बहुतेक बाळं सुटतात. सुटतात. हा शब्द घेऊन ती घरी आली होती आणि पुढे कितीतरी दिवस तोच चघळत होती. आणि हे असं सांगणं तिला कळतही होतं. लहानपणापासून तिला कुणी ना कुणी असंच सांगत आलेलं: हे धर, ते मोडू नकोस, अमुक वेळ चुकवू नकोस. धरायला तिला आवडतं. एखादी गोष्ट धरली की दिवसाला कणा येतो असं तिला वाटतं. नाहीतर दिवस पीठ सांडावं तसा पसरत जातो. तेव्हा वेळ ठरवायची होती. घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकाची अरुंद जागा, आणि सासूबाई सकाळपासून रात्रीपर्यंत त्यात कुठेही असल्या तरी सगळीकडे असतात. त्यांच्या नजरेतून सुई सुटत नाही. "कसलं औषध गं?" हा प्रश्न त्यांनी नुसता सहज विचारला असता तरी तिच्या चेहऱ्यानेच सगळं सांगून टाकलं असतं. पण तिने दिवा लावला की सासूबाई माळ घेऊन बसतात आणि डोळे मिटतात, आणि माळ पुरी होईपर्यंत ते उघडत नाहीत, मग दाराशी कुणी का येईना. दिवसाकाठी तेवढाच वेळ त्या घरात तिच्यावर कुणाचे डोळे नसतात. ती वेळ ठरली. गोळ्या तिने वातींच्या डब्यात, वातींखाली ठेवल्या. सासूबाईंची बोटं आखडल्यापासून वाती तीच वळते; त्या डब्याला दुसरं कुणी हात लावत नाही. सासूबाईंचे ओठ हलत असायचे, मणी सरकत असायचे, आणि ती पाठमोरी होऊन घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळायची. चांगलं चाललं होतं. रक्तातलं ते खाली आलं होतं. सिस्टरनी रिपोर्टवर बोट आपटून म्हटलं होतं, "शहाणी आहेस."

सातवा लागला तेव्हा एका संध्याकाळी सासूबाईंनी माळ पुरी झाल्यावरही डोळे उघडले नाहीत. तशाच बसून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी मला एक झाला होता. माहिताय?" तिला माहीत नव्हतं. नवऱ्यालाही माहीत होतं की नाही कोण जाणे. "तेव्हा मी धरलं होतं. दिवसाआड, दिवेलागणीनंतर सकाळपर्यंत तोंडात काही नाही, पाणीसुद्धा नाही. पोटातल्यासाठी. सगळं नीट चाललं होतं गं. शेवटी शेवटी एका रात्री फार उकडत होतं. उठले आणि माठातलं पाणी प्यायले. घोटभरच. कुणाला कळलं नाही." मग म्हणाल्या, "तो आला तो रडलाच नाही." दिव्याची ज्योत मध्येच वाकली आणि सरळ झाली. "आपण दोघी धरू," सासूबाई म्हणाल्या. "तू तुझ्यासाठी, मी तेव्हाचं फेडते." तिला नाही म्हणता आलं नसतं, पण खरं सांगायचं तर तिला नाही म्हणायचंच नव्हतं. इतके महिने ती नुसती घेत होती. सुया घेत होती, गोळ्या घेत होती, नवऱ्याचा हळुवारपणा घेत होती. कुणीतरी तिच्याकडे काहीतरी मागावं, तिने ते द्यावं, आणि त्या दिल्याच्या बदल्यात आत जो कोण आहे त्याला सोडून द्यावं, असं तिला किती दिवस वाटत होतं. ती हो म्हणाली. पहिल्या रात्री दिवा लावला, सासूबाईंनी डोळे मिटले, तिने डबा उघडला, गोळी तळहातावर घेतली आणि ती तशीच उभी राहिली. गोळी तोंडात घालायची तर व्रत मोडतं. वेळ बदलायची तर सिस्टरचा शब्द मोडतो. दोन्ही तिने धरलेलं. दोन्हींपैकी एक सोडायचं तिच्या मनातच आलं नाही. दोन्हींच्या मधून वाट काढावी हेही आलं नाही. तिने गोळी दिव्यापाशी, देवाच्या पायांजवळ ठेवली. आजची तुझ्याकडे, म्हणाली. माझ्या वाटचं तू बघ. आणि तिला एकदम हलकं वाटलं. सकाळी ती गोळी तिने उचलली. देवापुढे ठेवलेलं टाकून कसं द्यायचं, म्हणून कापसात गुंडाळून डब्याच्या एका कोपऱ्यात ठेवली. मग एका रात्री गोळी पोटात, एका रात्री देवापुढे. आपण चुकवतोय असं तिला एकदाही वाटलं नाही. उलट वाटायचं, इतर बायांच्या बाळांना नुसतं औषध मिळतं. माझ्याला दोन्ही मिळतंय.

कारखान्यातून निघताना गेटवरच्या बाईने तिची पिशवी, डबा, पदर चाचपून बघितला. भोंग्याने मागून हाक मारली, "परत येशील तेव्हा बारीक होऊन ये गं, टेबलाला जागा होईल!" ती हात हलवून रस्त्याला लागली. दुपारचा रस्ता तिला ओळखीचा नव्हता. या वेळेला ती नेहमी आत असते. दुकानांच्या काचा, एक सायकलवाला, काचेच्या शिड्यांवर चढून पाटी रंगवणारा माणूस. काचेच्या नाही, लोखंडी, पण तिच्या डोळ्यांत अजून बल्बाची काच होती आणि सगळंच काचेचं दिसत होतं, जपून न चाललं तर फुटेल असं. दवाखान्याच्या व्हरांड्यात तीच माणसं बसली होती, किंवा दुसरी, चपला मात्र त्याच. सिस्टरनी तिला नंबर मोडून आत घेतलं. दार लावलं.

"गोळ्या चुकतात?"

"नाही, सिस्टर."

"उलटी होते? घेतल्याबरोबर पडते का?"

"नाही."

"मग हे काय आहे?" सिस्टरनी कागद तिच्यापुढे सरकवला आणि टेबलाच्या कडेशी समांतर केला. "हे खाली आलं होतं. आता परत वर चढलंय. गोळी पोटात गेली तर असं सहसा होत नाही. माझ्याशी लपवालपवी करू नकोस. मी काही तुझी सासू नाही."

"लपवत नाही. चुकत नाहीत गोळ्या. फक्त व्रताच्या रात्री..." आणि तिने सांगितलं. सांगताना आपला आवाज किती शहाण्या मुलीचा येतोय हे तिला ऐकू येत होतं; शाळेत पाठ म्हणून दाखवावा तसा. अर्ध्यावर आली तेव्हा सिस्टरचा चेहरा बदललेला दिसला आणि आपण काय सांगतोय हे तिला तेव्हा, बोलता बोलता, पहिल्यांदा कळलं.

सिस्टर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अगं, मग सकाळी घ्यायचीस ना," त्या अगदी हळू म्हणाल्या. "मला विचारायचंस. वेळ बदलून दिली असती."

"तुम्ही म्हणाला होतात, वेळ बदलायची नाही."

सिस्टरच्या नाकातून हसण्यासारखा एक आवाज आला. "म्हणाले होते खरी." त्यांनी पेन उचलून परत ठेवलं. "माझंही सगळं ऐकलंस, सासूचंही सगळं ऐकलंस. आणि ज्याच्यासाठी ऐकलंस त्याला आपलं एक दिवसाआड." मग त्यांना स्वतःचंच बोलणं लागलं असावं, त्यांनी पाण्याची बाटली तिच्यापुढे सारली. ती प्यायली. अजून दिवस होता. "ऐक आता. औषध असं तुटक मिळालं की आजार त्याला सरावतो, मग गोळी बदलावी लागते. डॉक्टरांशी मी बोलते. थोडे आठवडे आहेत हातात. परत रक्त बघू. खाली आलं तर ठीक, नाही आलं तर ऑपरेशन करून बाळ काढतील. जन्मल्याबरोबर त्याला औषध, एकाऐवजी दोन. मग त्याचं रक्त, मग काही महिन्यांनी परत. अजून वेळ गेलेली नाही. पण इथून पुढे एक रात्रसुद्धा नाही."

"सुटेल ना?"

"सुटावं म्हणूनच बोलावलंय." ‘बहुतेक’ हा शब्द त्यांनी या वेळी वापरला नाही.

"मग आता सकाळी घेऊ?"

"सकाळी सासू समोर असते म्हणालीस ना? मग जमणार नाही ते कशाला ठरवतेस? परत चार दिवस लपवशील आणि परत राहील. काल घेतलीस? मग आजची आज, ठरलेल्या वेळेला. व्रत असो नसो. हेच तुझं व्रत समज आता." त्या दार उघडायला उठल्या आणि उघडताना थांबल्या. "तुझ्या देवाची नि माझी ओळख नाही. पण पाण्याचे घोट मोजत बसत असेल असं वाटत नाही मला."

येताना ती तेच घोळवत होती. हेच व्रत समज. सिस्टर चांगल्या मनाने म्हणाल्या, पण तसं समजता येत नव्हतं. गोळी ही गोळी आहे. ती घ्यायची असते. व्रत द्यायचं असतं. एकाला दुसऱ्याचं नाव दिलं की काय होतं ते झालंच होतं. देण्याला तिने औषध म्हटलं होतं. मधल्या एका रस्त्याच्या कडेला ती थांबली. पोट दगडासारखं घट्ट झालं आणि सैल झालं. आत काय चाललं असेल? त्या प्रत्येक दिल्या रात्री, ती समाधानाने कुशीवर झोपलेली असताना, काहीतरी तिच्या रक्तातून पाऊल न वाजवता त्याच्याकडे सरकत होतं का? की मध्ये जो पडदा असतो, सिस्टरनी एकदा चित्र काढून दाखवलेला, तो धरून राहिला असेल? त्याने तरी धरलं असेल का? तिला त्या सोडलेल्या रात्री आठवून बघाव्याशा वाटल्या, एकेक, की कोणत्या रात्री बाळ जास्त हललं होतं, कोणत्या रात्री गप्प होतं. पण सगळ्या रात्री सारख्या शांत आठवत होत्या, आणि ती शांतताच आता तिला भिववत होती.

नवरा जिन्याशी उभा होता. तिने कळवलं नव्हतं. दवाखान्यातून त्यालाही फोन गेला असावा. "काय म्हणाल्या?"

"वाढलंय."

"कशाने?"

"माझ्यामुळे." तिने थोडक्यात सांगितलं. तो ऐकत राहिला, हातातली पान्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत. त्याला राग यावा असं तिला वाटत होतं. एकदा तरी आपल्यावर त्याने चिडावं, म्हणजे दोघं जरा बरोबरीला येतील. पण तो म्हणाला, "तुझ्यामुळे काय. मुळात ज्याच्यामुळे..." आणि वाक्य तिथेच, त्या खालच्या पायरीवर सोडून दिलं. मग म्हणाला, "आईला सांगून टाकू? आज मी सांगतो."

इतके महिने ती या वाक्याची वाट बघत होती आणि आता ते आलं तेव्हा तिला ते नको होतं. सांगितलं तर आज रात्री घरात रडारड होईल, आणि तिला आजच्या रात्री फक्त एक गोष्ट नीट पार पाडायची होती. "आता नको," ती म्हणाली. "आधी हे सुटू दे."

सासूबाई खिडकीपाशी बसून डाळीतले खडे वेचत होत्या. "लवकर आलीस? सुट्टी दिली वाटतं अर्ध्या दिवसाची. जेवून घे वेळेत, आज आपली रात्र आहे," त्या म्हणाल्या. दोघी जेवल्या. नवरा बाहेर थांबला होता, थांबायचं काही कारण नसताना. अंधारायला लागल्यावर तिने वातींचा डबा खाली घेतला, सासूबाईंकडे पाठ करून. दिव्यासाठी वात काढताना कोपऱ्यातला कापूस बोटांना लागला आणि तिने तो उघडून बघितला. गोळ्या तिथे होत्या. सगळ्याच्या सगळ्या, एकमेकींना टेकून, काहींना दिव्याची काजळी लागलेली. तिने त्या याआधी एकत्र कधी बघितल्याच नव्हत्या. दरवेळी एक ठेवायची आणि कापूस मिटायची. आता बघितल्या आणि तिचे हात थांबले. देवाने एकही घेतली नव्हती. ती संध्याकाळी ठेवत होती आणि तो सकाळी तशीच परत देत होता. इतक्या वेळा ठेवली, इतक्या वेळा परत दिली. आणि ती दरवेळी मुकाट्याने कापसात गुंडाळून ठेवत गेली, आपल्याला काय सांगितलं जातंय हे न विचारता. तिने देवाकडे बघितलं, पण आज अर्धाच दिवस काम केलेलं असूनही तो हिरवा ठिपका होताच, तोंडावर नेमका.

तिने दिवा लावला. सासूबाई माळ घेऊन बसल्या, डोळे मिटले, ओठ हलायला लागले. तिने आजची गोळी काढली. दिवेलागणीनंतर काही नाही, हा शब्द तिने दिला होता आणि आता तो ती देवाच्या डोळ्यांदेखत मोडणार होती. दुसरं काही तिच्याकडे देण्यासारखं उरलं नव्हतं. दिलेला शब्दच काय तो होता. घे, ती मनात म्हणाली. हा मोडलेला घे. गोळी तोंडात टाकली आणि तिला दिसलं की पेला रिकामा आहे. इतर रात्री ती आधी भरून ठेवायची. व्रताच्या रात्री भरायची सवय नव्हती. गोळी जिभेवर कडू होत विरघळायला लागली. तिने माठातून पाणी घेतलं. एरवी त्या खोलीत बाहेरचे किती आवाज येतात, पण त्या क्षणी सगळे बंद झाल्यासारखे झाले आणि पाण्याची धार पेल्यात पडताना अशी वाजली, की तिला वाटलं खालच्या मजल्यावर ऐकू गेली असेल. ती प्यायली. वळली तेव्हा सासूबाईंचे डोळे उघडे होते.

"पाणी प्यायलीस?"

"हो, आई."

"आज आपली रात्र आहे."

"हो."

"एवढी तहान धरवेना?" आवाज चिडका नव्हता. फार जुना होता. जणू त्या तिला विचारतच नव्हत्या, दुसऱ्या कुणा तरुण बाईला विचारत होत्या, जी उकाड्यात उठून माठापाशी गेली होती.

"नाही धरवली," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "आई, पाण्याने काही होत नसतं. तुमच्या त्या वेळेलाही पाण्याने झालं नसणार."

"तुला काय माहीत?"

तिला माहीत होतं. बाळाला आईकडून काय जातं, कसं जातं, कशाने अडतं, हे या घरात फक्त तिला माहीत होतं, आणि ते सांगितल्याशिवाय या म्हातारीच्या उरावरचा तो एक घोट उतरवता येणार नव्हता. कडू चव अजून जिभेवर होती. सासूबाई तिच्या तोंडाकडे बघत होत्या, मग हातातल्या पेल्याकडे, मग मागे उघड्या राहिलेल्या वातींच्या डब्याकडे. तिने डबा झाकला नाही. हातच उचलला नाही. सासूबाईंनी नजर काढून घेतली. "राहू दे," त्या म्हणाल्या. "तुला नाही झेपत तर नको. तुझ्या वाटच्या रात्री मी धरते." आणि माळ पहिल्या मण्यापासून परत सुरू केली.

रात्रभर ती जागीच होती. जे व्हायचं ते काही महिन्यांनी कळणार होतं, त्या इवल्या टाचेतून काढलेल्या रक्तात. वाईट निघालं तर हे घर म्हणेल, ही पाणी प्यायली. चांगलं निघालं तर म्हणेल, म्हातारीने दोघींचं धरलं. तसं म्हणू दे. तसं म्हणायला तरी ते बाळ सुटलेलं असू दे.

मधली एक संध्याकाळ गेली आणि परत व्रताची रात्र आली. ती स्वयंपाकाच्या जागेतून हात पुसत आली तेव्हा दिव्याशेजारी एक पेला ठेवलेला होता, काठोकाठ भरलेला, वर झाकण. सासूबाई आपल्या जागेवर बसल्या होत्या. "तहानेचं ठेवलंय," त्या म्हणाल्या, तिच्याकडे न बघता. "धार वाजली की माझं लक्ष मोडतं." आणि त्यांनी डोळे मिटले, नेहमीपेक्षा घट्ट, पापण्यांना सुरकुत्या पडतील इतके.

तिने दिवा लावला. डबा उघडला, गोळी तोंडात टाकली, झाकण काढून पेला ओठांना लावला. सासूबाईंचे ओठ हलत होते, पण बोटांतला मणी जिथल्या तिथे होता. तो घोट तिच्या घशातून खाली उतरल्याचा आवाज झाला, आणि मग मणी पुढे सरकला.